रद्दीत मिळालेला चंद्रमणी

मंडळी, गावात चोरी झाली की सकाळी पारावर पहिला प्रश्न कोणता निघतो? काय गेलं, कधी गेलं, कडी कुणी लावली होती, हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न असा, की "काल गावात परकं कोण आलं होतं?" मग कुणाला तरी आठवतं, की ओढ्यापलीकडं दोन पालं पडली आहेत. कुणी म्हणतं, कल्हईवाला येऊन गेला. कुणाच्या ध्यानात येतं, की अमक्यांच्या घरी कामाला असलेल्या बाईचा भाऊ मागं एकदा तुरुंगात जाऊन आलेला आहे. झालं! कपातला चहा निवायच्या आत चोर ठरतो. राहतं ते फक्त पुरावा गोळा करायचं काम, आणि चोर आधी ठरलेला असला की ते काम फार सोपं जातं.

शाळेतही तेच. मधल्या सुट्टीनंतर एखाद्या मुलाची कंपासपेटी सापडत नाही. चाळीस मुलांच्या माना एकाच बाकाकडं वळतात. तो बाक कोणता, हे वर्गावरच्या गुरुजींना विचारायलाच नको.

आज मी आपल्याला एका हेरकथेविषयी सांगणार आहे. हेरकथा म्हटल्यावर काही शिक्षकबंधू नाक मुरडतील, ते मला ठाऊक आहे. आपल्याकडं रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते वारले तोवर त्यांच्या नावावर हजाराच्या वर रहस्यकथा जमा झालेल्या होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं ज्यांच्या तोंडी होती, त्यांनी भूगोलाच्या पुस्तकाच्या आड धरूनच ती वाचलेली असायची, आणि मास्तरांनी ती पुस्तकं काढूनही घेतलेली असायची. काढून घेतलेलं पुस्तक मास्तर घरी नेऊन स्वतः वाचत, अशी एक अफवा असे. तिला पुरावा नाही, म्हणून सोडून देऊ.

मी सांगतो आहे ती कादंबरी अर्नाळकरांच्याही फार आधीची. १८६८ साली ती लंडनच्या एका साप्ताहिकात जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत क्रमशः येत होती. नाव 'द मूनस्टोन', म्हणजे चंद्रमणी. लेखक विल्की कॉलिन्स. पुढं इंग्रजीतला मोठा कवी टी. एस. एलियट यानं १९२८ साली हिच्या एका आवृत्तीला प्रस्तावना लिहिली आणि इंग्रजी हेरकादंबऱ्यांत पहिला मान हिला दिला. शेरलॉक होम्सची पहिली गोष्ट यायला १८८७ साल उजाडावं लागलं. तेव्हा ही होम्सची आजी म्हणायला हरकत नाही.

माझ्याजवळची प्रत जुनी आहे. मुंबईच्या उपनगरात, खार स्टेशनवरून पश्चिमेला समुद्राकडं चालत गेलं की खारदांडा लागतो. कोळ्यांचं जुनं गाव. आता चारी बाजूंनी उंच इमारती आल्या, तरी होड्या आहेत, जाळी आहेत, आणि पावसाळा सोडून इतर दिवसांत बांबूच्या वलांडीवर ओळीनं वाळत घातलेले बोंबीलही दिसतात. तिथल्या एका रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली हे पुस्तक पडलं होतं. नावाचं पान फाटलेलं. दुकानदारानं ते तराजूत टाकलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, वजन न करताच वीस रुपये सांगितले.

जुन्या पुस्तकाची एक गंमत असते. नव्या पुस्तकात एकच गोष्ट मिळते, जुन्यात दोन मिळतात. एक छापलेली, दुसरी त्याच्या मालकांची. होम्सच्या 'द साइन ऑफ फोर' या १८९० सालच्या कादंबरीत वॉटसन त्याला एक जुनं घड्याळ देतो आणि याच्या मालकाविषयी काय सांगता येईल ते सांग म्हणतो. झाकणाच्या आत सुईच्या टोकानं कोरलेले गहाणवटीच्या दुकानाचे आकडे आणि किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून होम्स त्या माणसाचा सारा आयुष्यक्रम मांडतो. आपणही या पुस्तकावर तोच प्रयोग करून पाहू.

नावाचं पान नाही, म्हणून छपाईचं साल नाही. परंतु एलियटची प्रस्तावना आत आहे. म्हणजे ही प्रत १९२८ च्या आधीची असू शकत नाही. हे पक्कं. मधल्या पानांत बसचं एक तिकीट खुणेला घातलेलं आहे. त्यावर किंमत 'न. पै.' मध्ये छापलेली आहे. आपल्याकडं दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, आणि त्यांच्या नावातला 'नया' गेला १ जून १९६४ ला. तिकीट त्या सात वर्षांतलं असणार. पण तिकीट त्या सात वर्षांतलं म्हणून वाचणाराही त्याच वर्षांतला का? बहुधा होय. पक्कं नाही. जुनं तिकीट दहा वर्षं कोटाच्या खिशात राहू शकतं.

आता तिसरी खूण. पुस्तकाला सुक्या बोंबलांचा वास येतो. चांगलाच येतो. यावर आपल्यापैकी बरेच जण चटकन म्हणतील, मालक कोळी होता! थांबा. दुकानाच्या मागल्या बाजूलाच बोंबील वाळत घातलेले असतात, आणि त्या दुकानातल्या ज्ञानकोशापासून रेल्वेच्या वेळापत्रकापर्यंत सगळ्याच कागदांना तो वास आहे. वास पुस्तकाच्या मालकाविषयी काहीच सांगत नाही, तो रद्दीच्या दुकानाचा पत्ता सांगतो. मालक कोळी असेलही. नसेलही. त्या वासावरून ठरणार नाही, एवढंच.

खरी मौज आहे ती पेन्सिलीच्या खुणांत. आधीच्या वाचकानं समासात मराठीत लिहून ठेवलं आहे. हिंदुस्थानी जादूगार गोष्टीत येतात तिथं ठळक अक्षरात, "हेच!" पुढं मोलकरीण येते तिथं, "नाही, ही. आधीची चोर आहे." त्याच्या बऱ्याच पुढं तिसरं एक नाव, आणि त्यावर काट. त्यानंतर दीडशे पानं समास कोरा. शेवटी खूण नाही, शेरा नाही, काही नाही. वाचक बाई होती की पुरुष, शिक्षक होता की वकील, मला सांगता येत नाही. पण त्याचा संशय कुठून कुठं गेला, ते पायांचे ठसे पाहावेत तसं दिसतं. पहिला संशय परक्यांवर. दुसरा गरिबावर, जिच्या नावावर जुना डाग आहे तिच्यावर. विल्की कॉलिन्सनं ही कादंबरी लिहिली तीच मुळी असल्या वाचकासाठी.

गोष्ट थोडक्यात सांगतो. खरा चोर कोण, ते मात्र सांगणार नाही. ज्यांना पुढं वाचायची आहे त्यांचा घास काढून घेणं बरं नव्हे.

सुरुवात होते ४ मे १७९९ ला, श्रीरंगपट्टणला. टिपूचा किल्ला इंग्रजांनी घेतला तो दिवस. लुटालुटीच्या गोंधळात जॉन हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी एक पिवळा हिरा मिळवतो. कसा मिळवतो? त्याच्या एका हातात मशाल आहे, दुसऱ्या हातात रक्तानं भिजलेला खंजीर, आणि जवळ तीन हिंदुस्थानी पहारेकरी पडलेले आहेत. हा हिरा मूळ सोमनाथाचा, पिढ्यान् पिढ्या तीन ब्राह्मण त्याच्या पाळतीवर असतात, असं कथेत आहे. (कॉलिन्स हिंदुस्थानात कधी आला नाही, आणि ते जाणवतं. सोमनाथाला त्यानं कपाळावर हिरा असलेली चार हातांची चंद्रदेवाची मूर्ती बसवली आहे. तिथं शंकराचं लिंग असतं, हे आपल्या तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं.) पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १८५७ चं बंड होऊन पुरती अकरा वर्षं झाली होती. लंडनच्या वर्तमानपत्रांना हिंदुस्थानी माणूस म्हटला की दगलबाज दिसत होता. त्या दिवसांत हा इंग्रज लेखक पहिल्याच प्रकरणात वाचकाला सांगतो, की या हिऱ्याचा पहिला चोर आपल्याच लष्करातला साहेब होता. ही साधी गोष्ट नाही.

पुढची कथा १८४८ ची, इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या एका श्रीमंत घरातली. २१ जूनला रेचेल नावाच्या मुलीचा अठरावा वाढदिवस. त्या दुष्ट मामानं मरताना हिरा तिच्या नावानं ठेवलेला असतो, तो तिला त्या दिवशी मिळतो. रात्री जेवणावळ होते. त्याच वेळी अंगणात तीन हिंदुस्थानी जादूगार येऊन खेळ करू लागतात. आपल्याकडं राहून आलेला एक प्रवासी पाहुण्यांत असतो, तो ओळखतो, की हे जादूगार नव्हेत, वेश पालटून, समुद्र ओलांडून, जातही गमावून आलेले ब्राह्मण आहेत. रेचेल हिरा आपल्या बैठकीच्या खोलीतल्या कपाटात ठेवून झोपते. सकाळी कपाटात हिरा नाही.

आपल्या पारावर जे झालं असतं तेच तिथं होतं. गावचा पोलीस अधिकारी येतो, सीग्रेव्ह त्याचं नाव. तो आधी त्या तिघांना धरतो. आता हे तिघं मध्यरात्रीच्या सुमाराला आपल्या बिऱ्हाडात होते, आणि तिथं तपासणीला गेलेल्या या सीग्रेव्हनंच त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बरं, मध्यरात्रीनंतर हिरा घरात सुखरूप होता, हेही घरच्या माणसांना ठाऊक असतं. म्हणजे काही जमत नाही. तरी सोडायचं कसं? मॅजिस्ट्रेट त्यांना भटके आणि उनाड ठरवून आठवडाभर तुरुंगात घालतो! चोरीचा पुरावा नसला तरी भटकं असण्याचा गुन्हा हाताशी होताच. त्या रात्रीच्या चोरीपुरते ते तिघंही निर्दोष आहेत, एवढं मी सांगून टाकतो. पुढं ते काय करतात ती निराळी गोष्ट.

मग सीग्रेव्ह नोकरांवर घसरतो. त्यांच्या पेट्या तपासा, खोल्या तपासा. घरात रोझाना नावाची एक मोलकरीण असते. एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा असलेली, एकटी एकटी राहणारी. लहानपणी चोरीच्या धंद्यात होती, तुरुंग भोगला, मग सुधारगृहात राहिली, आणि रेचेलच्या आईनं तिला भल्या मनानं कामावर घेतली. घरातल्या इतरांना तिचा पूर्वीचा काळ ठाऊक नाही, पण ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या मनात तो लगेच वर येतो. माझ्या आधीच्या वाचकाच्याही मनात तो आला, समासात आहेच. रोझानानं हिरा घेतलेला नव्हता. पण ती त्या घराजवळच्या सरकत्या वाळूत जाऊन जीव देते. तिच्या मरणाला आणखीही कारणं आहेत, सगळं संशयावर ढकलणं लेखकावर अन्याय होईल. तरीसुद्धा, इमानानं राहूनसुद्धा आपण पहिल्यासारख्याच मोजल्या जातो, हे ज्याला रोज सोसावं लागतं त्या माणसाचं मन कसं होतं, ते तिच्या पत्रातून कळतं. ते पत्र वाचताना हेरकथा वाचतो आहोत हे विसरायला होतं.

आता येतो लंडनहून आलेला सार्जंट कफ. बारीक, म्हातारा, वाळलेला माणूस. पोलिसापेक्षा एखाद्या धर्मोपदेशकासारखा दिसणारा. गुलाबांचा फार नाद. घरात आल्या आल्या तो माळ्याशी कलमांवरून वाद घालू लागतो आणि सगळ्यांना वाटतं, हा काय चोर पकडणार!

रेचेलच्या खोलीच्या दारावर नुकतीच रंगीत नक्षी काढलेली असते. कुलपाच्या खाली त्या रंगाला एक लहानसा फराटा पडलेला असतो. सीग्रेव्हलाही तो दिसला होता. पण सकाळी ११ वाजता सगळ्या मोलकरणी तिथं गर्दी करून उभ्या होत्या, त्यांच्याच कुणाच्या घागऱ्यानं पुसला असेल, असं म्हणून त्यानं तो सोडून दिला. क्षुल्लक गोष्ट! कफला क्षुल्लक गोष्ट या जगात कुठं आढळलेली नाही.

कफ काय करतो ते नीट ऐका, कारण यात काहीही जादू नाही. चौथीचं गणित आहे. तो विचारतो, रंग कुणी लावला, आणि तो सुकायला किती वेळ लागतो? उत्तर मिळतं, बारा तास. दाराचा तो भाग कधी रंगवून झाला? बुधवारी दुपारी ३ वाजता. म्हणजे रंग सुकला गुरुवारी पहाटे ३ ला. मग सकाळी ११ ला जमलेल्या बायकांच्या घागऱ्यांचा संबंध काय? तेव्हा रंग सुकून आठ तास झाले होते. सुकलेल्या रंगाला फराटा पडत नाही. बरं, फराटा त्याच्या आधी केव्हा नव्हता? घरातली एक मुलगी सांगते, की बुधवारी रात्री १२ वाजल्यानंतर मी मेणबत्ती घेऊन त्या दारातून निघाले, तेव्हा रंग धड होता. म्हणजे रात्री १२ ते पहाटे ३ या तीन तासांत, अंगावर काहीतरी कपडा असलेलं कुणीतरी त्या दारातून गेलं आणि त्या कपड्याला रंग लागला. तो कपडा शोधा. तो कुणाचा ते शोधा. त्याला रंग कसा लागला ते त्या माणसाला विचारा. धोब्याच्या कपड्यांची वही मागवा.

पाहिलंत? कफनं अजून एकाही माणसाचं नाव घेतलेलं नाही. सीग्रेव्ह माणसापासून निघाला आणि खुणेपर्यंत कधी पोचलाच नाही. कफ खुणेपासून निघाला आहे.

म्हणून कफ चुकत नाही, असं मात्र नाही बरं का. पहिल्या फेरीत तोही चुकीच्या माणसावर बोट ठेवतो, आणि त्याला परत जावं लागतं. मला तर कादंबरीतली ही बाजू होम्सपेक्षा अधिक आवडते. होम्स बहुधा जिंकतोच. कफची खूण खरी असते, गणित खरं असतं, आणि तरी त्यावरून काढलेला अर्थ खोटा निघतो. ते उलगडायला एक वर्ष जातं, आणि शेवटी एक आजारी डॉक्टर, तोही लोकांच्या संशयामुळं गावोगाव भटकावं लागलेला, ती सगळी रात्र त्याच घरात पुन्हा घडवून पाहतो. अंदाज बरोबर आहे की नाही हे ठरवायला प्रयोग करतो. विज्ञानाच्या गुरुजींनी ते प्रकरण जरूर वाचावं.

कादंबरी लिहिण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. एकच माणूस सगळी गोष्ट सांगत नाही. म्हातारा कारभारी, एक देवभोळी नातेवाईक बाई, वकील, डॉक्टर, कफ, असे सात-आठ जण आळीपाळीनं लिहितात. आणि त्यांना अट एकच. जे स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच लिहायचं. पुढं काय झालं हे आता माहीत असलं तरी तेव्हा माहीत नव्हतं, तर लिहायचं नाही. कारभारी बेटरिजला तर तारखाही आठवत नाहीत, मुलीच्या रोजनिशीत पाहून तो लिहितो. (हा बेटरिज अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून त्यातून कौल घेतो. वाचून वाचून त्यानं त्या पुस्तकाच्या सहा प्रती झिजवल्या आहेत, सातवी मालकिणीनं दिली. त्या सहांपैकी एखादी रद्दीत गेली असती तर तिच्या नव्या मालकाला काय काय कळलं असतं!)

कॉलिन्सला हे सुचलं ते निव्वळ कल्पनेतून नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर एक खरं प्रकरण होतं. जून १८६० च्या अखेरीला इंग्लंडात रोड नावाच्या खेड्यात एका सुखवस्तू घरातलं चार वर्षांच्या आतलं मूल रात्रीतून मारलं गेलं. गावच्या पोलिसांचा डोळा आधी मुलाच्या दाईवर. मग लंडनहून जोनाथन व्हिचर नावाचा इन्स्पेक्टर आला. त्याच्या नजरेला आलं, की धुण्याच्या वहीप्रमाणं घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीचा रात्रीचा एक झगा कमी भरतो. त्यानं तिच्यावर संशय घेतला. सगळं इंग्लंड उसळलं. कामकरी वर्गातून आलेला एक पोलीस, आणि खानदानी घरातल्या मुलीवर आरोप करतो? झगा सापडला नाही, मुलगी सुटली, व्हिचरची कीर्ती धुळीला मिळाली. १८६५ साली त्या मुलीनं आपण होऊन कबुली दिली. तोवर व्हिचरनं नोकरी सोडलेली होती. दाईवर संशय घेतला तेव्हा मात्र कुणी उसळलं नव्हतं.

आता इंग्लंड सोडून आपल्या देशात येऊ. कारण मी हे पुस्तक आपल्यासमोर आणलं ते याकरिताच.

'मूनस्टोन' छापून आली १८६८ ला. त्यानंतर चार वर्षांच्या आत, आपल्या तेव्हाच्या सरकारच्या कायदेमंडळात, एकामागोमाग दोन कायदे झाले. दोन्ही वेळी कायदेखात्याचा सभासद एकच होता, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. दुसरा कायदा आधी सांगतो. तो १८७२ चा पुराव्याचा कायदा. त्याचं साठावं कलम म्हणतं, की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याची गोष्ट असेल तर 'मी पाहिलं' म्हणणाराच साक्षीदार हवा. ऐकण्याची असेल तर 'मी ऐकलं' म्हणणारा. अमक्यानं मला सांगितलं, असं चालायचं नाही. कादंबरीतल्या त्या सात-आठ जणांना घातलेली अट आणि ही अट एकच आहे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हा नियम तसाच आहे.

आणि पहिला कायदा, १८७१ चा. गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यात सरकारला असा अधिकार होता, की एखादी सबंध जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावी. मग त्या जमातीच्या माणसांनी नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. आम्ही चोर कशावरून, असं म्हणून त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात जायचीही सोय नव्हती. पाळण्यातलं मूलही त्यात आलं. पुढं १९११ साली हा कायदा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्यात आला. आपल्या सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. तिथल्या लोकांच्या तोंडी 'सेटलमेंट' हा शब्द आजही आहे.

म्हणजे पाहा, एक कायदा म्हणतो, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणा. आणि त्याच सरकारचा दुसरा कायदा म्हणतो, याचा बाप कोण ते सांगा, तेवढं पुरे. पहिला कफचा कायदा, दुसरा सीग्रेव्हचा. यॉर्कशायरच्या मॅजिस्ट्रेटनं तीन भटक्यांना आठवडाभर आत टाकलं, ते कॉलिन्सनं कादंबरीत थट्टेच्या सुरात लिहिलं होतं. तीनच वर्षांनी आपल्याकडं ते कायद्याच्या पुस्तकात आलं, आणि ऐंशी वर्षं राहिलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. त्या जमातींना तेव्हापासून आपण विमुक्त म्हणतो.

कायदा गेला, पारावरचा पहिला प्रश्न गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली निघालं, त्याला १९८८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूरकडच्या धनेगावचं ते. जमातीच्या नावातच चोरी आहे असं ज्यांच्याविषयी सगळे धरून चालतात, त्या घरात जन्मलेल्या मुलानं शाळेत जायचं म्हणजे काय, ते त्यात आहे. शिक्षकांनी 'मूनस्टोन' नाही वाचली तरी एक वेळ चालेल. 'उचल्या' वाचावं. मी दोन्ही पुस्तकं फळीवर शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि बोंबलाचा वास आता दोन्हींना आहे.

आता वर्गातलं काम. 'मूनस्टोन' इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, खेड्यातल्या शाळेत ती कुणी वाचून दाखवावी असं मी म्हणणार नाही. पण दाराच्या रंगाचा तेवढा भाग गोष्ट म्हणून सांगायला पंधरा मिनिटं लागतात. फळ्यावर तीनच ओळी लिहा. बुधवार दुपारी ३, रंग पुरा. बुधवार रात्री १२, रंग धड. गुरुवार सकाळी ११, फराटा दिसला. शेजारी लिहा, रंग सुकतो बारा तासांत. आणि विचारा, बायकांच्या घागऱ्यांनी फराटा पडला का? पाचवी-सहावीतली मुलं वजाबाकी करून सांगतील. नंतर विचारा, तर मग कुणी पाडला? चाळीसांतली तीस मुलं कुणाचं तरी नाव घेतील. कारण गोष्टीत नोकर आहेत, परके आहेत, हे त्यांनी ऐकलेलं असतं. त्या वेळी घाई करू नका. 'कुणी' याचं उत्तर फळ्यावर आहे का, एवढंच विचारा. फळ्यावर फक्त तीन तास आहेत आणि एक कपडा आहे.

खेड्यात हा धडा रंगाशिवायही देता येतो. सारवलेली जमीन आहे, ओल्या मातीतला चाकाचा माग आहे, दव पडायच्या आधीचं आणि नंतरचं पाऊल आहे. सारवण किती वेळात वाळतं, ते मुलींना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, हे त्यांच्याकडूनच घ्यावं. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी शाळेच्या ओसरीवर हा प्रयोग केला, तेव्हा ओल्या सारवणावरचे ठसे माणसाचे नसून कोंबडीचे निघाले आणि वर्ग हसून लोटपोट झाला. पण वेळ बरोबर निघाली होती.

आणि वर्गातून खरोखरच एखादी वस्तू गेली, तर झडती घेण्याआधी ज्याची गेली त्या मुलाला शेजारी बसवून चार प्रश्न विचारावेत. शेवटची केव्हा पाहिलीस? कुठं होती? तेव्हा जवळ कोण होतं, म्हणजे तू स्वतः कुणाला पाहिलंस? आणि नाही हे केव्हा कळलं? उत्तरं कागदावर लिहावीत. निम्म्या वेळा दुसऱ्या प्रश्नालाच दप्तराचा मागचा कप्पा उघडतो.

ज्यांना मूळ पुस्तक मिळवायचं आहे त्यांना सांगतो. कॉलिन्स १८८९ साली वारला, तेव्हा त्याच्या पुस्तकावर आता कुणाचा हक्क नाही, आणि स्वस्त आवृत्त्या पुष्कळ आहेत. जुनी प्रत घेणार असाल तर शेवटची पानं आधी मोजून घ्या, वाचू नका, नुसती मोजा. जुन्या पुस्तकाचा शेवटचा भाग सुटलेला असण्याचा संभव असतो, आणि हेरकथेला तेवढी एक उणीव चालत नाही. शेवटचं प्रकरण सोमनाथाजवळ काठेवाडात घडतं. ते आहे ना, एवढी खात्री करा. समासात पेन्सिलीनं कुणाचं नाव लिहिलेलं असलं, तर ते खोडू नका. फक्त त्यावर विश्वास ठेवू नका.